तीन कोसांवरची गंगा

त्या बाईवर माझा राग आहे. आजचा नाही, पन्नास वर्षांहून जुना आहे, आणि लोक म्हणतात तसा वयानं तो निवलेला वगैरे नाही. ती बाई कादंबरीतली होती, हाडामांसाची नव्हती, हे मला कळतं. पण कादंबरीतल्या माणसावर रागवायचं नाही असा कायदा कुठं आहे? रडायचं असेल तर चालतं. वर्गातल्या निम्म्या पोरी तिच्यासाठी रडल्या होत्या, त्यांना कुणी काही म्हटलं नाही. मी रागवले, तर माझी टर्म अडकली.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हांला मराठीत चार कादंबऱ्या नेमलेल्या होत्या. चारही जुन्या, चारही थोर, आणि चारही पुण्याकडच्या. मी गंगापूरकडची. पोलिस ॲक्शन झाली तेव्हा मी रांगत होते. आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, शाळा निजामाच्या राजवटीतली, सगळी उर्दूतून. घरात मराठी बोलायची आणि शाळेत उर्दू लिहायची. त्यामुळं ॲक्शननंतर कारभार मराठीत आला तेव्हा शिकलेसवरलेले आबा रातोरात अडाणी ठरले. मग माझ्या पहिलीच्या पुस्तकावरून माझ्याबरोबर तेही देवनागरी शिकायला बसले. मी पुढं गेले, ते जोडाक्षरांपाशी अडकले. सही मात्र शेवटपर्यंत उर्दूतच करायचे.

मला औरंगाबादला कॉलेजात पाठवलं तेच एका अटीवर. वैजापूरकडचं एक स्थळ चालून आलं होतं. आबांनी त्यांना सांगितलं, पोरगी शिकतीय, दम धरा. आणि मला सांगितलं, “शीक. पन एक बी साल वाया गेलं, तर मंग माझा इलाज नाय.” हे धमकी म्हणून नव्हतं. त्यांनी त्या लोकांना शब्द दिला होता, आणि शब्द दिला की ते त्याच्यापुढं स्वतःचंही ऐकायचे नाहीत. म्हणून मी छावणीत मामाकडं राहायचे, तिथून चालत कॉलेजला जायचे, आणि एकही वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही हे नाव-गाव सांगावं तसं मला पाठ होतं.

आता त्या कादंबऱ्या. पहिल्या कादंबरीत एक खलनायक होता. विधवेचे दागिने पळवतो, भावाला विष घालतो, आणि पोलिस मागं लागले की काय करतो? ‘मोगलाईत’ पळून जातो. तिथं प्रकरण संपतं. लेखक त्याच्या मागं जात नाही, पोलिस जात नाहीत, कुणीच जात नाही, जणू तो पृथ्वीच्या कडेवरून खाली पडला. मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. म्हणजे आमचं घर की हो. मी ते वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, मोगलाईत माणसं राहत होती, ज्वारी पेरत होती, पोरी नांदवत होती. तुमचा चोर आमच्याकडं आला तर आमचं काय झालं, हे कोण लिहिणार? आणि गंमत म्हणजे दुसऱ्या कादंबरीतला कारकूनसुद्धा पैसे खाऊन मोगलाईतच गेला. सगळी घाण तुमची आणि उकिरडा आमचा.

तिसरीतली नायिका पहिल्या पानापासून खोकत होती आणि शेवटच्या पानावर एकदाची गेली. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आजारी माणसाला काय बोलायचं.

चौथी मात्र अशी होती. एक विद्वान म्हातारे गृहस्थ. त्यांनी राहतं घर मुलाच्या नावावर केलं. पुढं सुनेनं त्यांच्या जेवणावरून काहीतरी काढलं, मुलगा गप्प बसला. म्हातारे पहाटे काठी घेऊन निघाले आणि ‘गंगातीरी’ गेले. त्यांची मुलगी त्याच गावात नांदत होती. सासर चांगलं, नवरा भला, दारात गाडी. पण वडिलांना आणायला गेलं तर माहेरची अब्रू चव्हाट्यावर येईल, भाऊ उघडा पडेल, म्हणून ती गेली नाही. चार प्रकरणं ती खिडकीत उभी राहते. शेवटी एक परका माणूस म्हाताऱ्याची काठी घेऊन येतो. ती काठी डोळ्यांना लावते, आणि कादंबरी संपते. लायब्ररीच्या प्रतीत माझ्या आधीच्या कुणीतरी त्या पानावर समासात ‘अप्रतिम’ लिहून ठेवलं होतं. मी त्याच्या खाली पेन्सिलीनं ‘कशावरून?’ असं लिहिलं.

ही कादंबरी मी दिवाळीच्या सुट्टीत गावी नेली. आबांची सवय होती, माझी नेमलेली पुस्तकं त्यांना ऐकायची असायची. दुपारचं जेवण झालं की ते लिंबाच्या सावलीत अंबाडीचा दोर वळत बसायचे आणि म्हणायचे, “हां, वाच.” मी वाचायचे. कुठं पटलं नाही की ते दोर थांबवायचे. म्हातारे ‘गंगातीरी’ गेले तिथं आबा हसले.

“गंगंला गेला व्हय? मंग येतोय तिसऱ्या दिशी.”

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. गोदावरी शाळेतल्या नकाशात असते. आमची ती गंगा. तालुक्याच्या नावातच ती आहे. गावातलं माणूस मेलं की राख गंगंत, पोळ्याआधी बैल धुवायचे गंगंत, आणि घरात कुणी म्हातारा रुसला की म्हणणार, “मी चाललो गंगंला.” म्हणजे तीन कोसांवर कायगावला. तिथं घाटावर बसायचं, कुणीतरी बोलवायला येईपर्यंत. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी हे केलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी जाऊन त्यांना आणलेलं आहे. कादंबरीतले म्हातारे ‘गंगातीरी’ गेले, तेव्हा मला आणि आबांना दुसरी कुठली गंगा सुचलीच नाही. का सुचावी? आमच्या गंगेवरून तर सकाळीच वारं येत होतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीची प्रकरणं सुरू झाली. आबांचा दोर थांबला तो थांबलाच.

“ती कामून जाईना?” त्यांनी विचारलं. कामून म्हणजे का.

“लोक काय म्हणतील म्हणून.”

“लोकं रोजच म्हणतेत. गाडी हाय ना दारात?”

“आहे.”

“नवरा जाऊ देतोय?”

“तो स्वतःच म्हणतो, जा म्हणून.”

“मंग?”

 मी पुढं वाचत राहिले. काठी घरी आली, तेव्हा आबा उठले आणि गोठ्यात गेले. चहाला हाक मारली तरी आले नाहीत. मला वाटलं, जनावरांचं काही असेल. दुसऱ्या दिवशी आपणहोऊन म्हणाले, “तुझा आजा बी असाच गेला होता. तुझी आत्या सासराहून आली न् पायी गेली. घिऊन आली त्याला.” एवढंच बोलले. आत्याचं मला फार कौतुक वाटलं. बाकी काही मी विचारलं नाही, आणि हे न विचारणं पुढं मला महागात पडलं.

सुट्टी संपली आणि मराठीच्या सरांनी ट्यूटोरियल लावलं. विषय, ‘कन्येचा त्याग’. सर पुण्याकडून नोकरीसाठी आलेले, पांढरे स्वच्छ कपडे, आवाज गोड. कविता म्हणायला लागले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. माणूस वाईट नव्हता. हे मी आज म्हणते, तेव्हा म्हटलं नसतं. मी आठ पानं लिहिली. पहिलंच वाक्य होतं, ‘याला त्याग म्हणत नाहीत, याला आळस म्हणतात.’ पुढं लिहिलं की ज्या बाईला बापाला आणायला तीन कोस जाववत नाही, तिनं खिडकीत उभं राहून रडू नये, खिडकी लावून घ्यावी आणि झोपावं. आमच्या घरातली एक बाई असंच रागावून गेलेल्या बापाला आणायला पायी गेली होती, तिच्यावर कुणी कादंबरी लिहिली नाही, असंही लिहिलं. आणि शेवटी, माझा घात करणारं वाक्य लिहिलं. ‘पायी जायचं नसेल तर कायगावला आता एस.टी. तासाला आहे.’

सरांनी ते वर्गात वाचलं. सगळं नाही, एस.टी.चं वाक्य वाचलं. आधी कुणाला कळलं नाही. मग सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि माझ्याकडं बघून हसत म्हणाले, “अहो, ही तुमच्या गंगापूरची गंगा नव्हे. ही खरी गंगा. काशीची.”

वर्गात हसू फुटलं. हसू कसलं, छप्पर उडालं. आणि मला सरांचा नाही, त्या पोरांचा राग आला. त्यातली चार पैठणची होती, दोन आमच्याच तालुक्यातली. ज्यांच्या आया रोज ‘गंगंवर धुणं टाकून येते’ म्हणायच्या, जी गंगंतच पोहायला शिकली आणि गंगंचंच पाणी प्याली, ती पोरं बाकावर हात आपटून हसत होती. माझ्या पुढच्या बाकावरचा पैठणचा पोरगा तर सगळ्यात मोठ्यानं. पैठणला अख्खा मुलूख दक्षिण काशी म्हणतो. त्याला तर दोन्ही बाजूंनी लाज वाटायला पाहिजे होती.

मी उभी राहिले. “मग आमची खोटी का, सर?”

“बसा.”

“पुस्तकात काशी कुठंच लिहिलेलं नाही, सर. मी सगळी पानं बघितली. नुसतं गंगातीरी लिहिलंय.”

“ते लिहावं लागत नाही,” सर म्हणाले. “मराठी वाचकाला ते कळतं.”

हे वाक्य मात्र मला लागलं. पुस्तक मराठी, मी मराठी, माझा बाप चाळिशीत बाराखडी गिरवून मराठी झालेला, आणि मराठी वाचक कोण, तर ज्याच्या घराजवळून गंगा वाहत नाही तो. मी बसले. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, पण ते मी येऊ दिलं नाही, कारण खिडकीतल्या बाईचं मला काहीही करायचं नव्हतं.

वही परत आली. वर लाल शाईत शेरा, ‘भौगोलिक अज्ञान. पुन्हा लिहा.’ खाली सही नाही. ट्यूटोरियलच्या वहीवर सरांची सही नसेल तर टर्म ग्रँट होत नसे, टर्म ग्रँट नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही, आणि फॉर्म नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की वैजापूर.

खरं सांगायचं तर माझी चूक झाली होती, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं. लेखकाच्या मनात काशीच होती. त्यात वाद नाही. पण गंगा चुकली म्हणून राग कसा चुकतो? बाप गेला, मुलगी गेली नाही, एवढंच तर मी म्हणत होते. पुन्हा लिहायचं म्हणजे काय लिहायचं, की ती गेली नाही हे फार थोर झालं? ते माझ्या हातून होईना. दोनदा कागद घेऊन बसले, दोनदा उठले.

मामा छावणीच्या कचेरीत कारकून होता. त्याला हे सगळं खुळचट वाटलं. “लिहून टाक ना,” तो म्हणाला. “दोन पानांचं काम. कागदावर काय खरं लिहितेत का कुणी? सायबाला पायजे तसं लिहावं, आन् घरी येऊन आपल्याला पायजे तसं बोलावं. मी इकतीस वर्षं हेच केलं, निजामात बी केलं न् आता बी करतो. काय बिघडलं?” मामीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “तिला तुमच्यावानी जमत नसंल.” दुसऱ्याच दिवशी मामानं गंगापूरच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर आबांना निरोप धाडला.

फॉर्मची मुदत संपायला तीन दिवस राहिले होते तेव्हा आबा आले. धुतलेला फेटा, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगा. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्यांनी वही मागितली, लाल शेरा बराच वेळ अक्षर अक्षर लावत वाचला. ‘भौगोलिक’ त्यांना लागेना, मी सांगितलं. मग म्हणाले, “आतला मजमून वाच.” उर्दूत शिकलेला माणूस, निबंधाला मजमूनच म्हणणार. मी आठही पानं वाचली. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा उतरत गेला. मी समजले, माझ्या चुकीचं वाईट वाटतंय.

“चल कालिजात,” ते म्हणाले.

वाटेत मी मनातल्या मनात रागावून घेतलं. आता आबा हात जोडणार, पोर आहे, गैरसमज झाला, माफ करा म्हणणार, आणि मला तिथं उभं राहून ते बघावं लागणार. सर स्टाफरूममध्ये एकटेच होते. त्यांनी उठून आबांना खुर्ची दिली. आबा बसले नाहीत.

“मास्तर, हिनं मला मजमून वाचून दाखवला. त्यात गलती काय हाय, तेवढी समजून सांगा.”

सरांनी नीट समजावलं, अगदी आदरानं. गंगा म्हणजे काशीची, इथून कितीतरी दूर. त्या काळात तिकडं जायचं म्हणजे महिने लागत, बाईमाणसाला एकटीनं जाणं शक्यच नव्हतं. म्हणून तर तिचं खिडकीत उभं राहणं आपल्या काळजाला भिडतं. “तुमच्या मुलीनं मधलं अंतरच काढून टाकलं,” सर म्हणाले. “मग कादंबरीत उरलं काय?”

आबांनी मान हलवली. “म्हंजे लांब होतं, म्हणून ती गेली नाय.”

“बरोबर.”

“आन् गंगा जवळ असती तर गेली असती?”

“गेली असती की. तशी ती गुणी मुलगी दाखवली आहे.”

आबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“नसती गेली, मास्तर,” ते म्हणाले. “माझा बाप गंगंला गेला तवा मी घरातच होतो. माझ्याच बोलण्यावरून गेला. तीन कोस हाय गंगा. दारात गाडी होती, बैलं खाऊन बसली होती. मी गेलो नाय. तीन दिस गेलो नाय. रोज सकाळी उठून म्हणायचो, आज जाऊ. शेवटी भईन सासराहून आली न् तिनं आणला. बाप पुढं सात साल जगला, पन माझ्या हातचं पानी प्याला नाय.”

  आत्या गेली, एवढंच मला दिवाळीत सांगितलं होतं. आबा तेव्हा कुठं होते, हे मी विचारलं नव्हतं.

“अंतराचं नसतंय ते,” आबा म्हणाले. “ही त्या बाईला जे जे बोलली, ते मला बोलली. तिला ठावं नव्हतं, पन नेमकं बोलली. आजवर मला कुणी बोललं नव्हतं. तुमी ते खोडाया लावू नका.”

सरांनी वही ओढली. शेवटच्या पानावर सही केली, तारीख घातली. लाल शेरा तसाच ठेवला, त्यावर रेघ मारली नाही. वही माझ्या हातात देताना म्हणाले, “फॉर्म आजच भरून टाका.” एवढंच. माफी वगैरे काही नाही, आणि खरं तर मला तेव्हा सरांचं भानच नव्हतं.

मी आबांवर चिडले होते. सही झाली, वर्ष वाचलं, तरी कॉलेजपासून एस.टी. स्टँडपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. माझे आबा, शब्दाला जागणारे, आणि तीन दिवस घरात बसून राहिले? मी खिडकीतल्या बाईला आठ पानं शिव्या घातल्या, आणि ती खिडकी आमच्याच घराची निघाली. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याला खोटं पाडलं असतं. स्टँडवर गंगापूरची गाडी लागलेली होती. आबा पायरीवर एक पाय ठेवून थांबले.

“दस्तखत झाला म्हणून भागलं नाय,” ते म्हणाले. “इम्तिहानात बी असंच लिही. भिऊ नको.”

मी मान हलवली. गाडी गेली. शेंगांची पिशवी माझ्याच हातात राहिली होती.

परीक्षा एप्रिलात. मराठीच्या पेपरात तिसराच प्रश्न, ‘कन्येच्या त्यागातून लेखकाने साधलेला परिणाम विशद करा.’ वीस मार्कांचा. मी पेन उचललं आणि लिहिलं, ‘याला त्याग म्हणत नाहीत.’ पुढं दोन ओळी लिहिल्या. मग थांबले. पेपर कुठं जाणार, कुणाच्या हातात पडणार, कुणाला ठाऊक. तिथं कुणी फेटेवाला माणूस जाऊन उभा राहणार नव्हता. वीस मार्क गेले तर मराठी गेलं, मराठी गेलं तर वर्ष गेलं. मला वैजापूर दिसायला लागलं. आणि मामाचा आवाज ऐकू आला, सायबाला पायजे तसं लिहावं.

मी पट्टी घेतली आणि त्या तीन ओळी नीट, सरळ रेघांनी खोडल्या. खाली गाइडमधलं उत्तर लिहिलं. ‘ही कन्या म्हणजे त्यागाची मूर्तिमंत प्रतिमा होय.’ तिच्या खिडकीचं वर्णन केलं, तिच्या अश्रूंचं केलं. ‘काशीच्या पवित्र गंगातीरी’ असं लिहिलं, आणि काशीखाली दोन रेघा ओढल्या, म्हणजे तपासणाऱ्याला शंका नको की या पोरीला गंगा कुठली ते कळत नाही. अक्षर माझं चांगलं होतं. सुवाच्य आलं सगळं.

सुट्टीला गावी गेले तेव्हा आबा लिंबाखालीच होते, तोच दोर, तेच वळणं. मी पाणी प्यायच्या आधी त्यांनी विचारलं.

“त्या बाईचं आलं होतं का पेपरात?”

“आलं होतं.”

“काय लिहिलंस?”

“वहीतलंच,” मी म्हणाले.

“गंगा कोणची लिहिलीस?”

“आपलीच.”

आबांनी दोर खाली ठेवला. इतकं समाधान त्यांच्या तोंडावर मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. “बरं केलंस,” ते म्हणाले. “कुणीतरी लिहाया पायजे होतं.”

मी पास झाले. पुढच्या वर्षी बी.ए. झाले, बी.एड. केलं, त्याच शहरात शाळेत मराठी शिकवू लागले. शहराचं नाव आता संभाजीनगर झालं. वैजापूरचं स्थळ केव्हाच दुसरीकडं गेलं. मी मुलांच्या वह्यांवर कधी ‘अज्ञान’ असा शेरा मारला नाही, याचा मला उगाच अभिमान आहे. आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. कुणी आलं की सांगायचे, माझ्या पोरीनं इम्तिहानात आपली गंगा लिहिली, न् पास झाली. मी समोर असले, की उठून मीच चहा ठेवायला आत जायचे.

मला त्यांना खरं सांगायचं होतं. दर सुट्टीत ठरवायचे, या खेपेला सांगू. मग वाटायचं, पेपर तपासून होऊ देत, दिवाळी होऊ दे, माझ्या पोराचं लग्न होऊ दे. आबा गेल्याचा निरोप आला तेव्हाही मी घरीच होते, आणि ते सांगायचं तसंच राहिलं होतं. गंगापूरला जायचं काय अवघड होतं. एस.टी. तासाला होती.